मंगळवारचं पार्सल

मार्चमधल्या एका सकाळी, पावसाने पडावं की बर्फाने हे आभाळाचं अजून ठरत नव्हतं तेव्हा, मोलिडेनीच्या पोस्टात एक उंच माणूस शिरला. टोपी ओली, कोट ओला, भुवयासुद्धा ओल्या... कोटाच्या आत छातीशी धरलेलं बुटांचं खोकं मात्र कोरडं. पुढे दोन बायका होत्या. त्यांनी वळून त्याला नीट पाहून घेतलं. बर्फ वितळायच्या आत या गावात नवा माणूस क्वचितच येतो.

पाळी आल्यावर त्याने खोकं काउंटरवर ठेवलं. चारी बाजूंना लाल पेन्सिलीने 'नाजूक' लिहिलेलं होतं आणि वरून लोकरीचा धागा गुंडाळलेला होता.

काउंटरमागे सिदोनिया बसली होती. वय अठ्ठावीस, नोकरीला सहा वर्षं. तिने खोकं उचललं, कानाशी नेलं आणि अलगद हलवलं. आत टक् झालं. थोड्या वेळाने आणखी एकदा टक्.

"काय आहे आत?"

"अंडी."

"उकडलेली?"

"रिकामी."

त्या दोन बायका काम झालं तरी शेगडीपाशी रेंगाळल्या होत्या. त्या खुदकन हसल्या. सिदोनिया हसली नाही. ईस्टरच्या आधी मोलिडेनीतल्या निम्म्या घरांत बदकाची अंडी फुंकून रिकामी केली जातात, त्यांच्यावर मेणाच्या लेखणीने नक्षी लिहिली जाते, आणि त्यांतली बरीचशी तिच्याच काउंटरवरून जगात जातात.

"कुणाची?"

"अन्फिसामावशींची. मी त्यांच्याकडे राहतो. चर्चच्या छपराला लाकडी कौलं बसवायला आलोय."

"कुठे जायचंय?"

"कॅनडा."

सिदोनियाने खोकं त्याच्याकडे परत सरकवलं. "नाही जायचं हे."

"का? चारी बाजूंनी लिहिलंय की."

"मी वाचलं. पण माझ्यापुढे वाचणारं कुणी नाही. हे पोत्यात जाईल, त्यावर दुसरं पोतं पडेल, आणि त्या पोत्यात कुणाचा तरी लोखंडी तवा असेल."

"मग काय करू?"

"असं करते... मी हे कमरेच्या उंचीवरून खाली सोडते. चालेल?"

त्याने झटकन दोन्ही हात खोक्यावर ठेवले. त्यात तिचा एक हात सापडला. त्याचे हात खरखरीत होते, आणि त्यांना सूचिपर्णीच्या डिंकाचा वास येत होता.

"तुम्हालाच भरवसा नाही," हात सोडवून घेत ती म्हणाली, "मग मी कसा ठेवू? पुढचे कोण?"

पुढचं कुणीच नव्हतं. तो तरी बाजूला होऊन उभा राहिला, जणू खरंच कुणी येणार होतं. मग खोकं परत कोटाच्या आत घालून निघून गेला.

त्या दिवशी चार वाजता पोस्ट बंद करून सिदोनिया अन्फिसामावशींकडे गेली. ती त्या माणसासाठी गेली नव्हती. तसं तिने स्वतःला वाटेत दोनदा सांगितलं.

मावशींची बहीण ग्लिकेरिया लग्न करून कॅनडाला गेली त्याला बावीस वर्षं झाली होती. दर ईस्टरला मावशी तिला अंडी पाठवत, आणि दर वर्षी उलट टपाली पत्र येई: 'भुकटी मिळाली, रंग छान आहेत.' दोघी त्यावर हसत आल्या होत्या. या वर्षी मात्र मावशींना हसू येत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत पडदा वाढत चालला होता आणि उजव्याने आता फक्त खिडकी कुठे आहे तेवढं कळत होतं.

"अठरा लिहिली आहेत," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरपासून बसले होते. पुढच्या वर्षी माझ्याच्याने व्हायचं नाही, पोरी. एवढी तरी तिला अख्खी बघू दे."

सिदोनियाने एक अंडं खिडकीशी धरलं. तांबड्यावर काळं, काळ्यावर पिवळं. केसाएवढ्या रेघांची मेंढ्यांची शिंगं, वाटा, तारे. एका ठिकाणी रेघ जराशी वाकडी गेली होती. तिने ते अंडं जपून खाली ठेवलं आणि बाह्या वर सरकवल्या.

"कौलं तासता तेव्हा भुगा पडतो की सालपटं?" तिने त्या माणसाला विचारलं. त्याचं नाव कासियान होतं.

"दोन्ही."

"सालपटं हवीत. लांब, कुरळी, आणि कोरडी. ओली असली तर रंग सुटेल. दोन पोती."

"आणखी?"

"कापूस. पातळ कागद... वर्तमानपत्र नको, शाई लागते. दोन खोकी, एकात दुसरं जाऊन चारी बाजूंनी तीन बोटं जागा उरेल अशी. आणि बायकांचे जुने लांब मोजे. पातळ. नायलॉनचे."

कासियानने मावशींकडे पाहिलं, मग सिदोनियाकडे. "मोजे... किती?"

"तीन जोड्या."

"ते कुठून आणू?"

"मागून आणा. मला काम आहे."

तिच्याकडे स्वतःच्या दोन जोड्या होत्या. ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावभर झालं की छपरावरचा तो उंच माणूस दारोदार बायकांचे मोजे मागत फिरतोय. एका घरातून त्याच्यामागे झाडू आला. चर्चच्या पाद्र्यांनी त्याला थांबवून सौम्यपणे विचारलं की तब्येत बरी आहे ना. संध्याकाळी तो मावशींच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा हातात पाच जोड्या होत्या आणि कान लाल होते.

"तुम्हाला माहीत होतं हे होणार," तो म्हणाला.

"अंदाज होता."

"एका आजींनी पायातले काढून दिले. म्हणाल्या, नीट वापर."

या वेळी मात्र सिदोनियाला हसू आवरलं नाही. ती तोंड फिरवून कापूस पिंजायला लागली, पण खांदे हलत होते, आणि त्याने ते पाहिलं.

मग कामाला सुरुवात झाली. अंड्याभोवती पातळ कागद, त्यावर कापूस, तो गोळा मोज्यात खाली सरकवायचा आणि वर गाठ मारायची. गाठीच्या वर दुसरं अंडं, पुन्हा गाठ. एका मोज्यात तीन. दोन अंडी एकमेकांना कधीच भेटणार नाहीत अशा बेताने.

"घट्ट नको," ती म्हणाली. "घट्ट बांधलेलं मोडतं. आणि सैलही नको. बघा... असं. बोटाला हलकंसं परत ढकलायला हवं."

"असं?"

"तुम्ही बोटं किती जोरात..."

"रोज हातोडा धरतो मी. अंडं धरायची सवय नाही."

"मग आज करा."

तिने त्याची बोटं धरून कापसावर दाबून दाखवली. ती शिकवत होती. शिकवून झाल्यावरही हात थोडा वेळ तिथेच राहिला. मावशी शेगडीपाशी मामालिगा ढवळत होत्या. मक्याच्या पिठाची ती लापशी त्यांनी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ढवळली.

आतलं खोकं भरलं. तळाला, कडेला आणि वर सालपटं. झाकण लावताना ते किंचित वर उचललं जात होतं. तसंच हवं होतं. ते खोकं मोठ्या खोक्यात गेलं, भोवती पुन्हा सालपटं, कोपऱ्यांत दाबून. आत एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा पत्ता, वरचा फाटला तर असावा म्हणून. मग सुतळी. इथे कासियानने तिला बाजूला सारलं.

"हे मला येतं," तो म्हणाला, आणि त्याने छपरावर फळ्या बांधतात तशी एक गाठ मारली... दोन वेढे आतून, एक बाहेरून. तिने ओढून पाहिली. हलली नाही.

"आता?" त्याने विचारलं.

"आता तू सोड," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं. मागे घ्यायला उशीर झाला होता. "कमरेच्या उंचीवरून."

त्याने खोकं उचललं. मावशींकडे पाहिलं. त्यांनी पळी खाली ठेवली आणि दोन्ही हात एप्रनला पुसले.

"सोड," त्या म्हणाल्या.

खोकं फरशीवर पडलं. धप् असा जाड, आळशी आवाज झाला. सिदोनियाने ते कानाशी नेऊन हलवलं, बराच वेळ. मग मावशींच्या कानाशी नेलं. मग त्याच्या. ऐकायला काहीच नव्हतं.

"घेते मी हे," ती म्हणाली. "उद्या आठ वाजता आण. रांगेत उभा राहा."

पार्सल गेलं. मग वाट बघण्याचे दिवस आले, आणि कासियानला रोज पोस्टात काही ना काही काम निघायला लागलं. कधी तिकीट. कधी पाकीट. एकदा तर तो नुसतंच घड्याळ बरोबर आहे का ते बघायला आला. काउंटरच्या खिडकीतून चर्चचं छप्पर दिसायचं. हातोड्याचा आवाज दिवसभर येत असायचा, आणि तो मधेच थांबला की सिदोनियाच्या हातातला शिक्का थांबायचा... मग पुन्हा आवाज सुरू व्हायचा आणि शिक्काही. तिच्या हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचा थोडा राग आला.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी पोस्टात कॅनडाचा फोन आला. मावशींना बोलवायला कासियान छपरावरून उतरून धावला. मावशी केबिनमध्ये बसल्या, फोन दोन्ही हातांनी धरला, आणि पलीकडून ग्लिकेरिया एकेक अंडं मोजत होती ते बाहेरसुद्धा ऐकू येत होतं. चौदा, पंधरा, सोळा... अठरापर्यंत पोचली आणि दोघी बहिणी एकदमच बोलायच्या बंद झाल्या. परदेशी फोन महाग असतो, पण त्या मिनिटाला कुणी घाई केली नाही.

मेच्या शेवटी छप्पर पूर्ण झालं. पुढचं काम डोंगरापलीकडे होतं, मारामुरेशमध्ये, एका लहानशा गावच्या चर्चवर. निघण्याच्या आदल्या दिवशी कासियान पोस्टात आला तेव्हा त्याच्याकडे विकत घ्यायला काहीच नव्हतं. टोपी मात्र हातात होती.

"उद्या निघतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे."

"हिवाळ्याच्या आत परत येईन. वाट बघशील?"

सिदोनियाने शिक्क्याची तारीख तपासली. ती बरोबर होती. तीन वर्षं तिने इटलीला गेलेल्या एका माणसाला पार्सलं पाठवली होती... स्वेटर, जाम, मधाची बरणी. सगळी उत्तम बांधलेली, सगळी सुखरूप पोचलेली. त्याने पोच दिली, आभार मानले, आणि तिथेच लग्न केलं.

"नाही," ती म्हणाली. "वाट बघायचं मी सोडलंय. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्याने टोपी एकदा फिरवली. "मग पार्सल पाठवलं तर घेशील?"

"घ्यावंच लागतं. नोकरी आहे."

"बरं," तो म्हणाला. "नोकरी सांभाळ."

पहिलं पार्सल जूनच्या पहिल्या मंगळवारी आलं. तिच्याच नावाने, तिच्याच काउंटरवर. आत वाळवलेली अळंबी, म्हणजे मोडण्यासारखं काहीच नाही. तिने पोस्टकार्ड पाठवलं: 'अळंबी पोचली. याला बांधणं म्हणत नाहीत, गुंडाळणं म्हणतात.'

दुसऱ्या मंगळवारी मधाची बरणी. 'मध पोचला. झाकण सैल. दहापैकी सहा.' तिसऱ्या मंगळवारी कंदिलाची काच, सालपटांच्या घरट्यात, एकही ओरखडा नाही. 'आठ. कोपरा दबला होता.' चौथ्या मंगळवारी एक कच्चं अंडं आलं, कोंबडीचं, डोंगरापलीकडून दोन बस आणि एक मालगाडी करून. सोबत चिठ्ठी: 'आता बोल.' सिदोनियाने ते काउंटरमागच्या शेगडीवर लोणी टाकून तळलं, मीठ घातलं आणि खाल्लं. पोस्टकार्डावर तिने फक्त 'दहा' लिहिलं. मग कार्ड हातात धरून बसली, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'मंगळवार लवकर येत नाहीत.'

ते कार्ड तिने दोनदा पेटीतून परत काढलं. ती पोस्टातली होती, तिला काढता येत होतं. तिसऱ्यांदा आत राहू दिलं.

त्यानंतरचं पार्सल वेळेवरच आलं, पण ते पिशवीतून बाहेर काढताक्षणी तिच्या हाताला चिकट लागलं. एका कडेने कागद लाल झाला होता. चेरीचा मुरांबा, आणि आत काच खणखणत होती. पत्ता कासियानच्या अक्षरात होता. गाठ त्याची नव्हती. बुटाच्या नाडीला मारतात तशी ती फुलपाखरी गाठ होती, दोन्ही कान लोंबत असलेली.

रांगेत तीन माणसं होती. तिने त्यांना थांबायला सांगितलं, फोन ओढला आणि डोंगरापलीकडच्या त्या गावचं पोस्ट मागितलं. लागायला वीस मिनिटं लागली. कुणी कुरकुर केली नाही. सगळे ऐकत होते.

"हॅलो, मोलिडेनीहून बोलतेय. पोस्टातून. सिदोनिया."

"अच्छा... त्या तुम्ही," पलीकडची पोस्टातली बाई म्हणाली. तिचं नाव पालागिया होतं, आणि आवाज प्रेमळ होता. "मंगळवारच्या."

"पार्सल कुणी बांधलं?"

"फार वाईट बांधलं का हो?"

"कुणी बांधलं, बाई?"

"मीच. त्याने पत्ता लिहून ठेवला होता आधीचा. शुक्रवारी पडला ना तो... फळी सुटली. नाही नाही, जिवंत आहे. पाय मोडलाय, आणि दोन बरगड्या. खाली तालुक्याच्या इस्पितळात आहे. मला निरोप पाठवला की मुरांबा सोमवारी टाकाच, एक मंगळवार चुकला तर तिला काहीतरी झाल्याचं कळेल म्हणून." पालागियाने श्वास घेतला. "मला वाटलं, बरणी जाड आहे..."

सिदोनियाने फोन ठेवला. रांगेतल्या तिघांचं काम केलं, एकालाही चुकीचं तिकीट दिलं नाही. मग वात्रा दोर्नेईच्या मुख्य पोस्टात फोन करून चार दिवसांची रजा मागितली. सहा वर्षांत तिने मागितलेली ती पहिली रजा होती, त्यामुळे साहेबांना आधी कळेचना की ही काय मागतेय. दारावर पाटी लावून ती अन्फिसामावशींकडे गेली. मावशींनी एक पाव, चीज आणि उकडलेले बटाटे फडक्यात बांधून तिच्या हातात दिले.

बस घाटापर्यंतच गेली. पुढे लाकडं वाहणाऱ्या ट्रकमध्ये बसून ती घाट उतरली. घाटमाथ्यावर धुकं होतं, आणि रस्त्याकडेला ब्लूबेरीच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. ट्रक ड्रायव्हरने विचारलं, कोण आहे तुमचं इस्पितळात? सिदोनियाने मांडीवरच्या फडक्याची गाठ चाचपली. "ते आज ठरेल," ती म्हणाली.

वॉर्डात आठ खाटा होत्या. कासियान खिडकीजवळच्या खाटेवर होता, पाय प्लॅस्टरमध्ये, चार-पाच दिवसांची दाढी वाढलेली. त्याने तिला पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. बरगड्यांनी त्याला परत खाली पाडलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं? पार्सल गेलं होतं ना?"

"गेलं. पालागियाला गाठ मारता येत नाही."

तो हसला, आणि हसल्यामुळे दुखलं. तिने स्टूल ओढलं. मावशींचं फडकं सोडून पाव मोडला, त्यावर चीज ठेवलं आणि त्याला दिलं. बाहेर पाऊस सुरू झाला. शेजारच्या खाटेवरचे एक म्हातारे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. निदान डोळे तरी मिटलेले होते.

"मी बरा झालो की परत छपरावरच जाणार, सिदोनिया," तो शेवटी म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही. तुला खोटं सांगणार नाही."

"माहीत आहे."

"आणि तू म्हणाली होतीस, वाट बघणार नाही."

"अजूनही बघणार नाही." तिने मांडीवरचे पावाचे कण गोळा केले. "वाट बघायला मला जमत नाही... चार दिवसांतच माझे हाल होतात. म्हणून एक नियम बघून ठेवलाय. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या कामाच्या गावी बदली मागता येते. चर्च तिथे गाव, गाव तिथे पोस्ट. तू छपरावर असलास तर मी खाली काउंटरवर असेन. आवाज ऐकू येतो मला."

कासियान तिच्याकडे बघत राहिला.

"हा नियम... कधी बघून ठेवलास?"

"अंडं खाल्लं त्या दिवशी."

"आणि सांगितलं नाहीस?"

"पोस्टकार्डावर जागा नव्हती."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने त्याचं खापर बरगड्यांवर फोडायचा प्रयत्न केला. "सिदोनिया, मला दाढी तरी करू दे. असल्या गोष्टी माणूस असा पडून..."

शेजारच्या खाटेवरचे म्हातारे भिंतीकडेच तोंड ठेवून बोलले, "अरे बाबा, हो म्हण. आम्हाला झोपायचंय."

तो "हो" म्हणाला, पण इतक्या हळू की ते पावसातच गेलं. सिदोनियाने स्टूल जवळ सरकवलं आणि म्हणाली की काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हळू बोललेलं कळत नाही, परत सांग. तेव्हा त्याने बरगड्या धरल्या, श्वास घेतला, आणि तेच पुन्हा सांगितलं. या वेळी ते वॉर्डातल्या आठही खाटांना ऐकू गेलं.